पुढे टेम्पो, मागे अँब्युलन्स आणि मध्ये मी

पत्र

ताई, मी कासारवडवलीला राहते, ऐरोलीला ऑफिस आहे. लायसन्स मिळून ८ महिने झालेत, रोज सकाळी मिस्टरांना ठाणे स्टेशनला सोडून पुढे जाते. गेल्या मंगळवारी कापूरबावडीच्या अलीकडे लाल सिग्नलला उभी होते, अगदी उजव्या लेनमध्ये, पुढे टेम्पो आणि मागून सायरन वाजवत अँब्युलन्स आली. टेम्पोत आणि माझ्यात वीतभर तरी अंतर होतं की नाही माहीत नाही. पुढे जागा नाही, डावीकडे निघायला जागा नाही, मागे तर अँब्युलन्सच. सगळे हॉर्न मारायला लागले, एका बाईकवाल्याने काचेवर थाप मारली, मिस्टर म्हणाले हलू नकोस, कोणाला तरी लागेल. मी ब्रेक दाबून नुसती थरथरत बसले. सिग्नल सुटला तेव्हा टेम्पो गेला, मी गेले, मग ती गेली.

तेव्हापासून झोप नीट लागत नाही. आत कोण असेल, काय झालं असेल. मिस्टर म्हणतात उगाच मनाला लावून घेतेस, अर्ध्या अँब्युलन्स रिकाम्याच असतात, ट्रॅफिकमधून सुटायला सायरन लावतात. मी काय करायला हवं होतं? रांगेत पहिली असते तर सिग्नल तोडायचा का, आणि मग चलन आलं तर? १०,००० दंड असतो म्हणतात, तो मला लागेल का? अजून एक, डावीकडे घ्यायचं म्हटलं की मला भीतीच वाटते कारण डाव्या आरशात मला माझंच दार दिसतं.

— अस्वस्थ, घोडबंदर रोड

उत्तर

अगं, तुला तू म्हटलं तर चालेल ना, मी १४ वर्षं ठाण्यात गाडी शिकवतेय आणि शिकायला येणाऱ्या सगळ्यांना मी तूच म्हणते.

आधी तुझ्या झोपेचं बोलू. विसरून जा असं मी म्हणणार नाही, कारण तुला त्रास होतोय ही चांगली गोष्ट आहे आणि त्यातूनच तू पुढे नीट गाडी चालवशील. पण दोष चुकीच्या जागी टाकू नकोस. सायरन मागे आल्यावर तू हलली नाहीस ती चूक नव्हती, तेव्हा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि घाबरून कशीही गाडी काढली असतीस तर डावीकडचा एखादा बाईकवाला खाली आला असता आणि त्याच अँब्युलन्सच्या वाटेत अजून एक माणूस पडला असता. चूक झाली ती त्याच्या आधी, सायरन ऐकू यायच्याही आधी, तू टेम्पोच्या मागे जाऊन चिकटलीस तेव्हा. हे वाईट वाटून घेऊ नकोस, कारण ही चूक घोडबंदरवर जवळजवळ सगळेच करतात, २० वर्षं गाडी चालवणारेसुद्धा. आणि ती सुधारायला फार काही लागत नाही.

मी पहिल्या आठवड्यातच शिकवते की रांगेत थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला जिथे टेकतात ती जागा तुला तुझ्या सीटवरून दिसली पाहिजे. चाकं आणि त्याखालचा थोडा रस्ता. बॉनेटच्या वर नुसता त्याचा बंपर किंवा नंबर प्लेट दिसत असेल तर तू फार जवळ गेलीस. एवढं अंतर ठेवलं की स्टेअरिंग पूर्ण फिरवून, रिव्हर्स न घेता, एका दमात गाडी बाहेर काढता येते. पुढची गाडी बंद पडली तरी उपयोग, चढावर ती मागे सरकली तरी उपयोग, आणि अँब्युलन्स आली तर त्याच अंतरातून तुझं नाक डावीकडे किंवा उजवीकडे वळतं. वीतभर अंतरात ते वळूच शकत नाही, कितीही चांगला ड्रायव्हर असला तरी नाही.

आता तू म्हणशील ताई तेवढी जागा सोडली की रिक्षा घुसते. घुसणारच, बाईक तर दोन घुसतील, मला काय माहीत नाही का. पण विचार कर, रिक्षा आणि बाईक यांना वळायला जागा फारच कमी लागते, त्या स्वतः निघून जाऊ शकतात, अडकते ती तुझी आणि माझी चारचाकी. म्हणून घुसू दे, परत थोडं अंतर धर. मागचा हॉर्न मारेल की पुढे जा म्हणून, मारू दे, सिग्नल लाल असताना ४ फूट पुढे जाऊन कोणी लवकर पोचत नाही.

दुसरं म्हणजे सायरन तुला उशिरा कळला असणार. काचा बंद, एसी चालू, गाणी चालू, शेजारी मिस्टर बोलतायत. त्यात मेट्रोचे खांब, पूल, दोन्ही बाजूला टॉवर, आवाज कुठूनही आपटून कुठूनही येतो, सायरन मागून आहे की सर्व्हिस रोडवरून की समोरून हे कानाने कळतच नाही. म्हणून कानाने ऐकायचं आणि शोधायचं मात्र डोळ्याने. ऐकू आलं की गाणी बंद, काच दोन बोटं खाली, आणि आतल्या आरशात बघायचं. अँब्युलन्सच्या पुढच्या बाजूला ते अक्षर उलटं का लिहिलेलं असतं माहितीये ना? आपल्या आरशात ते सरळ दिसावं म्हणून. म्हणजे ते लिहिणाऱ्याने गृहीतच धरलंय की पुढचा माणूस आरशात बघत असेल. सायरन नसतानाही दर ७-८ सेकंदांनी एकदा आरशात नजर टाकायची सवय लावून घे, मग ती अँब्युलन्स तुला ८ गाड्या मागे असतानाच दिसेल, थेट बंपरला आल्यावर नाही.

दिसली, आता काय करायचं? ब्रेक करकचून दाबायचा नाही, हे पहिलं. इंडिकेटर दे, वेग हळूहळू कमी कर, डावा आरसा बघ, मान वळवून खांद्यावरून एकदा बघ कारण आपल्याकडे डावीकडून बाईक येतातच, मग कडेला जा. चारही इंडिकेटर लावू नकोस, पुष्कळ जण मदत म्हणून लावतात पण मग तू कुठल्या बाजूला जाणार हे मागच्याला कळत नाही आणि त्याला तेच कळायला हवं असतं. आणि एकदा बाजू ठरवली की बदलायची नाही. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला सगळ्यात त्रास कोणाचा होतो तर आधी डावीकडे जाऊन मग घाबरून परत उजवीकडे येणाऱ्याचा, कारण त्याने तेवढ्यात त्या उजवीकडच्या जागेत गाडी घातलेली असते.

तुझ्यासारखं अगदी उजव्या लेनमध्ये असताना डावीकडे भिंतीसारखा ट्रॅफिक असेल तर डावीकडे घुसायचा हट्ट करू नकोस. उजव्या लेनवाल्याने डिव्हायडरला लागून घ्यायचं, बाकीच्या सगळ्या लेनने डावीकडे सरकायचं, मध्ये वाट पडते. जर्मनीत हायवेवर ट्रॅफिक थांबायला लागला की सायरन वाजायच्या आधीपासूनच अशी मधली वाट सोडून उभं राहायचं हा कायदाच आहे. आपल्याकडे असा नियम नाही, आपला कायदा एवढंच म्हणतो की रस्त्याच्या कडेला होऊन वाट द्या. पण तुझ्या पुढे चाकं दिसण्याएवढं अंतर असतं आणि तू डिव्हायडरकडे नाक वळवून दोन फूट सरकली असतीस तर शेजारच्या लेनवाल्यालाही कळलं असतं की त्याने तिकडे व्हायचंय. एकाने सुरुवात केली की बाकीचे करतात, हे मी शेकडो वेळा बघितलंय.

पुलावर मात्र वेगळं. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळचे पूल असोत नाहीतर कळव्याचा, दोन्ही बाजूला कठडा आणि कडेला थांबायला जागा नसते. तिथे घाबरून थांबलीस तर मागचं सगळंच थांबतं. पुढे मोकळं असेल तर चालत राहा, आहे तोच वेग धर, पूल उतरलीस की लगेच डावीकडे घे. पावसात डाव्या कडेला पाणी साचलेलं असेल आणि खाली काय आहे ते दिसत नसेल तर त्यात गाडी घालू नकोस, पाण्याच्या अलीकडे नाहीतर पलीकडे जागा दे. आणि वाट दिल्यावर लगेच तिच्या मागे लागून पळायचं नाही, ते बाईकवाले करतात तसं. तिला अचानक थांबावं लागलं तर तू तिच्या दारातच घुसशील. शिवाय आगीच्या कॉलला एकामागोमाग दोन-तीन गाड्या निघतात, म्हणून लेनमध्ये परत यायच्या आधी आरशात पुन्हा बघ. आगीचा बंब तर पाण्याने भरलेला असतो, हजारो लिटर पाणी, तो तुझ्या कारसारखा पटकन थांबत नाही, त्याच्या पुढ्यात कट मारणं म्हणजे जिवाशी खेळ.

आता सिग्नलचा प्रश्न. तू पहिली आहेस, लाल आहे, मागे अँब्युलन्स. सायरन वाजवत कॉलवर जाणाऱ्या गाडीला काळजी घेऊन लाल सिग्नल ओलांडायची मुभा आहे, ती मुभा तुला नाही. आडवा ट्रॅफिक वाहत असेल तर चौकात घुसायचंच नाही, तिथे तुला ट्रकने उडवलं तर अँब्युलन्सला दुसऱ्या माणसासाठी थांबावं लागेल. पण चौक रिकामा दिसत असेल, किंवा ट्रॅफिक पोलीस हात करत असेल (त्याचा हात सिग्नलच्या वर, हे लक्षात ठेव), तर अगदी सावकाश स्टॉप लाइनच्या पुढे एक गाडीची लांबी, डावीकडे तिरकी काढ आणि थांब. झेब्रावर माणसं असतील तर तेवढंही नको. ती निघून गेली की तू तिथेच थांबायचंस, तिच्याबरोबर चौक पार करायचा नाही.

चलन आलं तर? येऊ शकतं, कॅमेऱ्याला तुझ्या मनातलं दिसत नाही. महाट्रॅफिक अ‍ॅपवर चलनाविरुद्ध तक्रार टाकता येते, वेळ, ठिकाण आणि डॅशकॅम असेल तर क्लिप जपून ठेव, फोटोत मागे अँब्युलन्स असतेच पुष्कळदा. आणि समज तरीही भरावं लागलं, तर माझं स्पष्ट मत आहे की ते पैसे भरावेत.

दंडाचं असं आहे की मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४ ई आलं, त्यात आगीचा बंब, अँब्युलन्स यांना कडेला होऊन वाट दिली नाही तर १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. जो मुद्दाम पुढेच राहतो, वाट असून देत नाही, त्याच्यासाठी ते आहे असं मी समजते. लाल सिग्नलला चारी बाजूंनी अडकलेल्या बाईला त्यासाठी कोणी पकडेल असं मला वाटत नाही. त्या भीतीने झोप घालवू नकोस.

आता तुझ्या मिस्टरांचं म्हणणं. त्यांना हे वाचायला दे.

आम्ही तेव्हा वाघबीळला राहायचो. पावसाळ्यातली सकाळ, आई चहा पीत होती आणि तिच्या हातातून कप सुटला. उचलायला वाकली ती उठेचना, तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. मी १०८ लावला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली घोडबंदर दिसायचा, लाल दिव्यांची रांग, आणि लांबून सायरन ऐकू यायला लागला. तो सायरन कितीतरी वेळ एकाच जागी वाजत होता. जवळ येईना आणि लांबही जाईना. त्या अँब्युलन्समध्ये तेव्हा पेशंट नव्हता, ती रिकामीच होती, कारण पेशंट माझ्यामागे फरशीवर पडलेली होती. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या कोणाच्याही मनात आलं असेल की रिकामी आहे, कशाला हलायचं. रिकाम्या अँब्युलन्सला सगळ्यात जास्त घाई असते, कारण ती जिथे चाललीये तिथे अजून कोणी डॉक्टर नाही, ऑक्सिजन नाही, काहीच नाही. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली ती ९३७ अँब्युलन्स घेऊन, आणि २०११ च्या जनगणनेतच आपण ११ कोटींच्या वर होतो, म्हणजे एक पेशंट सोडून रिकामी झालेली गाडी पुष्कळदा तशीच पुढच्या कॉलला निघते.

पुढचंही सांगते कारण ते आत बसल्याशिवाय कळत नाही. आत पुढचं काही दिसत नाही, खिडकीची काच अर्धी पांढरी. बरोबरचा मुलगा एका हाताने वरचा दांडा धरून आणि दुसऱ्या हाताने आईच्या तोंडावरचा मास्क धरून उभा. पुढे कोणीतरी करकचून ब्रेक मारायचं, मग आमचा ड्रायव्हर मारायचा, आणि दर वेळी सलाइनची बाटली झुलून पत्र्यावर आपटायची, टक्, टक्. त्या मुलाचा हात मास्कवरून सुटायचा, तो परत नीट लावायचा. मला तेव्हा कळलं की मी आयुष्यभर मुलांना शिकवत होते की अँब्युलन्सला लवकर वाट द्या, पण सावकाश वाट द्या हे कधी शिकवलंच नव्हतं. झटका देऊन बाजूला होणारा आणि अजिबात न होणारा, आत झोपलेल्याला दोघांचा त्रास.

आई वाचली. डोक्यातली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते साडेचार तास हॉस्पिटलच्या दारापासून मोजत नाहीत, कप सुटला तेव्हापासून मोजतात. आणि जितकं लवकर तितकं बरं. तिचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. हृदयच बंद पडलं असेल तर तासांचा प्रश्नच नसतो, ४ ते ६ मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. सायरनचा गैरवापर करणारे आहेत, मी नाही म्हणत नाही, दिसला तर नंबर आणि वेळ टिपून ट्रॅफिक पोलिसांना कळवायचं. पण कोण खरं आणि कोण खोटं हे आरशात बघून ठरवता येत नाही, म्हणून वाट सगळ्यांना द्यायची.

आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला सांगू का, घोडबंदरवर नाही. आमच्या सोसायटीच्या गेटच्या आतल्या वळणावर. कोणीतरी कार लावून गेलेलं, हँडब्रेक ओढलेला, काचेवर फोन नंबर नाही. स्ट्रेचर पावसात वळणापासून लिफ्टपर्यंत हाताने आणावं लागलं. टॉवरभोवती ६ मीटरची मोकळी वाट ठेवलेली असते ती बंबासाठी, व्हिजिटर पार्किंगसाठी नाही, हे मी तेव्हापासून प्रत्येक मीटिंगला बोलते आणि लोकांना कंटाळा येतो, येऊ दे. तुमच्याकडे काय आहे ते एकदा खाली उतरून बघ. गाडी लावताना काचेवर नंबर ठेव. आणि कधी घरी अँब्युलन्स बोलवायची वेळ आलीच तर एकाला आधी गेटवर पाठव आणि वॉचमनला सांगून लिफ्ट खाली धरून ठेवायला लाव, २२ व्या मजल्यावरून लिफ्ट यायची वाट बघण्यात जाणारा वेळ कोणी मोजत नाही.

आता तू काय करायचंस. रविवारी सकाळी ७ ला, रस्ता रिकामा असताना, मिस्टरांना घेऊन सर्व्हिस रोडवर जा. त्यांना खाली उतरून गाडीच्या पुढे उभं राहायला सांग आणि तुला त्यांचे बूट दिसेनासे व्हायच्या आत थांबायला शीक, मग उतरून ते अंतर पावलांनी मोज. नंतर एखाद्या उभ्या गाडीमागे तेवढंच अंतर ठेवून थांब आणि रिव्हर्स न घेता डावीकडे बाहेर पड. १० वेळा कर. पहिल्या दोन वेळा भीती वाटेल.

आणि त्याच्या आधी, आजच, तो डावा आरसा बाहेरच्या बाजूला वळव. दार अगदी कडेला एक बोटभर दिसलं की पुरे, बाकी सगळा रस्ता दिसला पाहिजे. तुझी डावीकडची भीती निम्मी तरी त्या आरशामुळे आहे. जमलं की कळव.